विश्लेषण : माळ्यावरच्या ‘वेताळा’चा जन्मदाता… कोण होते ली फॉक?

बिबवेवाडीतली एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली, की घरे रिकामी होण्याआधी माळे रिकामे होतात. तांब्या-पितळेची भांडी नातेवाइकांकडे जातात, जुन्या गाद्या कुणीच घेत नाही आणि सुतळीने बांधलेले मासिकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. त्या गठ्ठ्यांत ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ यांच्या मधोमध कधी कधी एखादे पातळ, पिना मारलेले रंगीत पुस्तक निघते. मुखपृष्ठावर अंगाला चिकटलेल्या जांभळ्या पोशाखातला, बुबुळे नसलेल्या डोळ्यांचा मुखवटाधारी. ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा वेताळ! रद्दीच्या दुकानात त्याला किलोचा भाव मिळतो. संग्राहक मात्र एकेका अंकासाठी वर्षानुवर्षे जुना बाजार धुंडाळतात. हा वेताळ ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या ली फॉक यांचे नाव वेताळ वाचून मोठ्या झालेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. त्यांची गोष्ट त्यांच्या नायकाइतकीच रंजक आहे.

‘ली फॉक’ हे खरे नाव नव्हे?

नाही. २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते लिऑन हॅरिसन ग्रॉस. तो लहान असतानाच वडील वारले. आईने दुसरे लग्न केले आणि सावत्र वडिलांनी दोन्ही भावांना वाढवले. ‘ली’ हे टोपणनाव; ‘फॉक’ हे त्याने पुढे स्वतः घेतलेले आडनाव. मुखवटा लावून दुसऱ्याच नावाने वावरणारा नायक लिहिणाऱ्या माणसाने आधी स्वतःचेच नाव बदलले होते.

इलिनॉय विद्यापीठात शिकत असतानाच त्यांच्या डोक्यात एक जादूगार घोळू लागला. शिक्षण संपल्यावर सेंट लुइसमधल्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी मिळाली. काळ महामंदीचा. त्या काळात नोकरी सांभाळून त्यांनी जादूगाराच्या चित्रकथेच्या सुरुवातीच्या पट्ट्या स्वतःच काढल्या. उंच टोपी, बारीक मिशी आणि खांद्यावर झगा घेतलेला हा जादूगार दिसायला बराचसा खुद्द फॉक यांच्यासारखाच होता. आरशात पाहून चित्र काढले, की असे होतेच! हा मॅण्ड्रेक. ‘किंग फीचर्स सिंडिकेट’ने तो विकत घेतला आणि ११ जून १९३४ रोजी तो वृत्तपत्रांत सुरू झाला. फॉक तेव्हा २३ वर्षांचे होते. चित्रे काढण्याची जबाबदारी त्यांनी सेंट लुइसचेच चित्रकार फिल डेव्हिस यांच्याकडे सोपवली आणि स्वतः लेखनाकडे वळले.

न पाहिलेले जंगल त्यांनी कसे उभे केले?

मॅण्ड्रेक देशोदेशी फिरणारा. त्याचा लेखकही तसाच मुरलेला प्रवासी असणार, अशी सिंडिकेटची समजूत झाली. फॉक यांनी ती मोडली नाही. उलट आपण जग हिंडलो आहोत, पूर्वेकडच्या गूढवाद्यांकडे शिकलो आहोत, अशी भर घातली. प्रत्यक्षात तोवर त्यांचा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे सेंट लुइस ते न्यूयॉर्क. पुढे त्यांनी खरोखरच पुष्कळ जग पाहिले. पण ती नंतरची गोष्ट.

पुढच्या दोन वर्षांत सिंडिकेटने आणखी एका कथेची मागणी केली. फॉक यांनी आधी राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांवर काही तरी सुचवले, ते नाकारले गेले. मग १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘द फँटम’ सुरू झाला. या कथेची सुरुवात आज वाचली तर गंमत वाटते. पहिल्या कथेत जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, आळशी वाटणारा तरुण आहे. रात्री मुखवटा घालणारा हाच, असा इशारा वाचकाला मिळत राहतो. म्हणजे तीन वर्षांनी आलेल्या बॅटमनचाच साचा. पण कथा रोज छापली जात असतानाच फॉक यांचा विचार बदलला. जिमी वेल्स बाजूला पडला आणि फँटम जंगलात गेला.

तिथे त्यांनी जे रचले, तीच या नायकाची खरी ताकद. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. कप्तान मारला गेला, त्याचा मुलगा एकटा वाहत किनाऱ्याला लागला. बांदार जमातीच्या बुटक्या माणसांनी त्याला वाचवले. पुढे बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतली, स्वतःची आणि पुढच्या प्रत्येक पिढीची. मुलगा बापाचा मुखवटा चढवतो, जगाला वाटते तोच एक माणूस चारशे वर्षे जिवंत आहे. आपण वाचतो तो एकविसावा. इंजिनीअरिंग शिकलेल्यांच्या भाषेत सांगायचे तर आतली यंत्रणा दर पिढीला बदलते, बाहेरचा इंटरफेस तोच राहतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बांदार हे नाव किपलिंगच्या मोगलीकथांतल्या माकडांवरून आले. जंगलात वाढलेल्या टारझनची सावलीही फँटमवर आहे. फॉक यांनी या उसनवाऱ्या लपवल्या नाहीत. मात्र उडता न येणारा, गोळी लागली तर रक्त सांडणारा आणि केवळ दंतकथेच्या जोरावर शत्रूला घाबरवणारा नायक त्यांचा स्वतःचा. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षे होती. अंगाला चिकटलेला पोशाख आणि मुखवट्यात बुबुळे न दिसणारे डोळे ही पुढच्या सगळ्या सुपरहिरोंची वर्दी झाली, तिची सुरुवात इथली. बुबुळांविनाचे डोळे त्यांना ग्रीक पुतळ्यांवरून सुचले होते.

पोशाख जांभळाच का?

खरे तर फॉक यांच्या मनात करडा रंग होता. नायकाचे नावही ‘करडे भूत’ अशा अर्थाचे ठेवण्याचा त्यांचा विचार होता. रोजची पट्टी काळ्या-पांढऱ्यात छापली जाई, त्यामुळे तीन वर्षे कुणाला फरक पडला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिथे पोशाख जांभळा छापून आला. मग तो तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. लेखकाने ठरवलेला रंग जवळपास कुठेच नाही! संग्राहकांसाठी मात्र हीच मेजवानी. एकाच कथेचे चार देशांतले चार रंग एका फळीवर मांडणारे शौकीन जगभर आहेत.

मग फॉक फक्त कॉमिक्सच लिहीत होते का?

मुळीच नाही. त्यांचा जीव अडकला होता नाटकात. आयुष्यभरात त्यांनी पाच नाट्यगृहे चालवली, सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली, शंभरेक नाटके दिग्दर्शित केली आणि डझनभर स्वतः लिहिली. चार्लटन हेस्टन, पॉल रॉब्सन असे कलावंत त्यांच्या रंगमंचावर उभे राहिले. मार्लन ब्रँडो यांनी १९५३ मध्ये शॉच्या ‘आर्म्स अँड द मॅन’मध्ये काम केले, ते फॉक यांच्यासाठीच, त्यानंतर ब्रँडो रंगमंचावर परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फॉक यांनी अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयात परदेशी भाषांतल्या रेडिओ प्रसारणाचे काम पाहिले, पुढे लष्करातही गेले.

आणि हे सगळे चालू असताना चित्रकथा थांबली नाही. फँटमची रोजची एक आणि रविवारची वेगळी, मॅण्ड्रेकचीही तशीच. म्हणजे चार कथा एकाच वेळी डोक्यात. चित्रकार बदलत गेले. फँटमसाठी रे मूर, मग विल्सन मकॉय, १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ सय बॅरी. लेखक एकच. नाटकाच्या तालमीतून उठून जाऊन तो पुढच्या आठवड्याच्या चौकटी लिहीत असे, हे लक्षात घेतले की त्या कथांतला नाट्यमय प्रवेश, नेमक्या क्षणी पडदा पाडणे, संवादांची काटकसर यांचा उगम कळतो. वेताळ दाराशी येतो तेव्हा आधी सावली दिसते. ही रंगमंचाची युक्ती आहे.

फँटमचा ‘वेताळ’ कसा झाला?

‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या इंग्रजी वाचकांना फँटम आधीपासून ओळखीचा होता. पण तो घराघरांत पोहोचला मुंबईतून. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाच्या बेनेट, कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिला अंक ‘द फँटम्स बेल्ट’, किंमत ६० पैसे. आधी इंग्रजीत आणि मग हिंदी, मराठी, बंगालीसह अन्य भारतीय भाषांत. मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असे त्याचे वेळापत्रक बदलत गेले. मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी चंबळच्या पार्श्वभूमीवर ‘बहादूर’ हा अस्सल देशी नायक दिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. वेताळाची अनेक मुखपृष्ठेही याच बी. गोविंद यांची. मूळ अमेरिकी पट्टीत अशी मुखपृष्ठे नव्हतीच, कारण ती वर्तमानपत्रातली पट्टी होती. त्यामुळे ही चित्रे फक्त आपल्याकडची, आणि परदेशी संग्राहकही त्यांच्यासाठी ‘इंद्रजाल’ शोधतात.

भाषांतरकारांनी नावापासूनच कमाल केली. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ झाला, मराठीत ‘वेताळ’. फॉक यांचा नायक म्हणजे चालते-बोलते, न मरणारे भूत. आपल्याकडे गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला, रात्री फेरीला निघणारा, भुतांवर हुकमत चालवणारा आणि तरी गावाची राखण करणारा वेताळ आधीच होता. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. इंग्रजीतल्या ‘फँटम’ या शब्दात केवळ भास आहे. ‘वेताळ’मध्ये भीती आणि आधार दोन्ही आहेत. माझ्या मते मराठी नाव मुळाहून सरस आहे.

इतर बदल मात्र संपादकीय सावधगिरीचे होते. फॉक यांनी सुरुवातीला हे जंगल आशियात, भारताच्या आसपास कुठे तरी कल्पिले होते आणि नावेही तशीच उचलली होती. बंगालची आठवण करून देणारा ‘बंगाला’ देश भारतीय आवृत्तीत ‘देंकाली’ झाला. चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली. पहिल्याच अंकात विसाव्या वेताळाला पाठीत सुरा खुपसणारा ‘रामा’ हा ‘रामलू’ झाला. पानांत बसवण्यासाठी काही चौकटीही गाळल्या जात. म्हणजे आपल्या मावशी-काकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलेला वेताळ हा फॉक यांनी लिहिला त्याच्यापेक्षा जरासा वेगळाच होता.

गोरा माणूस आणि काळ्यांचे जंगल… हे आज कसे वाचायचे?

हा प्रश्न टाळून वेताळाच्या आठवणी काढता येत नाहीत. चारशे वर्षे एक गोरे घराणे जंगलातल्या जमातींचा न्यायनिवाडा करते आणि त्या जमाती त्याला जवळपास देव मानतात. १९३६ सालच्या अमेरिकेत हे कुणाला खटकले नाही. मॅण्ड्रेकचा सोबती लोथार तर आफ्रिकेतला राजपुत्र असूनही कातडे पांघरून, मोडके बोलत मालकाची सेवा करताना दाखवला होता.

फॉक यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ते आपल्याच कथेला बांधून राहिले नाहीत. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले, तसे बंगालाही आफ्रिकेत सरकले आणि तिथे लोकशाही आली. लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला. जंगल गस्तीदल सरकारचे झाले. त्याचा अज्ञात सेनापती मात्र वेताळच राहिला. फिल डेव्हिस यांच्या निधनानंतर १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स मॅण्ड्रेक काढू लागले, तेव्हा लोथारने कातडे टाकले आणि तो नीट भाषा बोलू लागला. हे पुरेसे होते का? माझ्या मते नाही, सिंहासन गोऱ्याच्याच घरात राहिले. तरी हयात लेखकाने स्वतःच्या गाजलेल्या जगाची अशी डागडुजी करणे दुर्मीळच. जुने आणि नंतरचे अंक शेजारी ठेवले तर हा प्रवास पानोपानी दिसतो. संग्रहाचा खरा उपयोग इथे आहे.

डायना पामरबरोबरचे लग्नही फॉक यांनी १९३६ पासून ताणत ताणत १९७७ मध्ये लावले. एक्केचाळीस वर्षांचा साखरपुडा! मग किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली, आणि बाविसाव्या वेताळाची सोय झाली.

इतक्या यशानंतर फॉक यांच्या हाती काय आले?

मान, सातत्याचे काम, जगभर वाचक. मालकी मात्र नाही. फँटम आणि मॅण्ड्रेक या दोन्ही पात्रांचे स्वामित्वहक्क किंग फीचर्सकडे होते आणि आहेत. तेव्हाच्या सिंडिकेटच्या व्यवहाराची हीच रीत होती. लेखक-चित्रकार कथा पुरवतात, सिंडिकेट ती शेकडो वृत्तपत्रांना विकते आणि हक्क स्वतःकडे ठेवते. मुंबईत छापलेला ‘इंद्रजाल’, १९४८ पासून ऑस्ट्रेलियात फँटम छापणारे फ्र्यू प्रकाशन, स्वीडनचे ‘फँटमेन’, १९९६ चा बिली झेन यांचा चित्रपट, कवटीच्या अंगठ्या, खेळणी या साऱ्याचा परवाना सिंडिकेटच्या हातातला. पिढ्यान्‌पिढ्या मुखवटा वारसाहक्काने देणारा नायक लिहिणाऱ्याला स्वतःच्या वारसांना तो नायक देता येणार नव्हता.

तरीही ते लिहीत राहिले. अखेरच्या आजारपणात रुग्णालयातही प्राणवायूचा मास्क बाजूला सारून ते कथा सांगत आणि ती उतरवून घेतली जाई. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मॅण्ड्रेकला ६५ वे आणि फँटमला ६४ वे वर्ष होते. अर्धवट राहिलेल्या शेवटच्या फँटमकथा पत्नी एलिझाबेथ यांनी पूर्ण केल्या. त्या स्वतः नाट्यदिग्दर्शक होत्या. मॅण्ड्रेकची पट्टी फ्रेडरिक्स निवृत्त झाले तेव्हा, २०१३ मध्ये थांबली. फँटम नव्या लेखक-चित्रकारांच्या हातून चालू राहिला.

‘इंद्रजाल’ त्याआधीच, १९९० मध्ये बंद पडले होते. घरोघरी टीव्ही आला होता. सुमारे आठशे अंकांनंतर मालिका संपली. पुढे डायमंड कॉमिक्सने वेताळ छापला, पण रविवारी सायकल काढून लायब्ररीत अंक बदलायला जाण्याचे दिवस सरले होते.

माळ्यावर गठ्ठा सापडला तर काय करायचे?

आधी तो रद्दीवाल्यासमोर सोडू नका. दोन गोष्टी पाहा : मधले जोडपान जागेवर आहे का आणि मुखपृष्ठ मूळचे आहे का. किंमत ठरते ती प्रामुख्याने यावर, मग वर्षावर. साठच्या दशकातले अंक दुर्मीळ, कारण ते वाचून वाचून फाटले. लायब्ररीवाल्यांनी सात-आठ अंक एकत्र शिवून कडा कापलेल्या असतात. असे बाड वाचायला उत्तम, संग्राहकाच्या लेखी कमी मोलाचे. बाड उसवायला जाऊ नका, पाठीकडची पाने हमखास फाटतात.

हा कागद स्वस्तातला. त्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असते, ते हवा आणि उजेड लागला की पिवळे पडते आणि कागद ठिसूळ करते. म्हणून लॅमिनेशन करणे हा सर्वांत वाईट उपाय. उष्णतेने आणि गोंदाने पान कायमचे जाते. चिकटपट्टीही नको, तिचा तपकिरी डाग निघत नाही. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून दोऱ्याचा एक सैल टाका घातला तर चालतो, पण विकायचा विचार असेल तर पिनांनाही हात लावू नये. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा, उभा ठेवलेला. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओल्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका. कसर आणि वाळवी यांना जुनी खळ फार आवडते. डांबराच्या गोळ्या कागदाला थेट लागू देऊ नयेत.

विकायचे असेल तर आपा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आधी नुसते भाव ऐकून या; पहिल्याच ग्राहकाला गठ्ठा देऊ नका. नव्याने छापलेल्या नकलाही फिरतात. मूळ अंकात भिंगाखाली रंगांचे ठिपके स्वच्छ दिसतात, स्कॅनवरून छापलेल्या नकलेत त्या ठिपक्यांवर दुसरी जाळी उमटते आणि काळ्या रेषांच्या कडा भुरकट होतात. आणि विकण्याआधी अंकाचे पहिले पान उलटून पाहा. तिथे अनेकदा शाईने एखाद्या मुलाचे नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिलेली असते. संग्राहक त्याचे पैसे कापतात.